सोळाव्या वर्षी मोपेड : परवाना कशाचा, वाहन कोणते, जबाबदारी कोणाची?

दहावीचा निकाल लागतो, कनिष्ठ महाविद्यालयात प्रवेश होतो आणि अनेक घरांत एकच प्रश्न उभा राहतो. सकाळची शिकवणी एका टोकाला, महाविद्यालय दुसऱ्या टोकाला आणि बस वेळेवर येईलच याचा भरवसा नाही. अंगणात किंवा इमारतीच्या वाहनतळात आईची अथवा वडिलांची स्कूटर उभी असते. 'सोळा वर्षे पूर्ण झाली की परवाना मिळतो' हे वाक्य सर्वांनी ऐकलेले असते. त्या आधारावर किल्ली मुलाच्या किंवा मुलीच्या हाती दिली जाते.

हे वाक्य खरे आहे, पण अर्धेच खरे आहे. भारतीय कायद्यानुसार सोळाव्या वर्षी दुचाकीचा परवाना मिळू शकतो. मात्र तो ५० सीसीपर्यंत क्षमतेच्या इंजिनाच्या दुचाकीपुरताच असतो. आज बहुतेक घरांत असलेल्या स्कूटरची क्षमता याच्या दुपटीहून अधिक आहे. त्यामुळे परवाना खिशात असूनही ती स्कूटर चालविणारा सोळा वर्षांचा मुलगा कायद्याच्या दृष्टीने विनापरवानाच ठरतो. २०१९ मध्ये कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर या चुकीची किंमत मुख्यतः पालकांना मोजावी लागते.

कायदा काय म्हणतो?

वाहन चालविण्यासंबंधीचा देशातील मूळ कायदा म्हणजे मोटार वाहन अधिनियम, १९८८. त्याला जोडून केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ लागू आहेत. हे दोन्ही केंद्राचे असल्याने मुंबई, नागपूर, पणजी, बेळगाव, इंदूर, बडोदा किंवा हैदराबाद यांपैकी कोठेही राहणाऱ्या कुटुंबाला मूळ तरतुदी सारख्याच लागू होतात. कार्यालयीन पद्धती आणि काही शुल्क मात्र राज्यानुसार बदलते.

अधिनियमाच्या कलम ३ अन्वये वैध परवान्याशिवाय कोणालाही सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालविता येत नाही. कलम ४ मध्ये वयाची अट आहे. सर्वसाधारण मर्यादा १८ वर्षांची आहे. तिला एकच अपवाद आहे : इंजिनाची क्षमता ५० सीसीहून अधिक नसलेली मोटारसायकल १६ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला चालविता येते. कायद्याच्या भाषेत मोपेड आणि स्कूटर या दोन्हींचा समावेश 'मोटारसायकल' या शब्दात होतो. गीअर नाही, पॅडल आहे किंवा वेग कमी आहे, एवढ्यावरून वाहन या व्याख्येच्या बाहेर जात नाही.

'सार्वजनिक ठिकाण' याचा अर्थही व्यापक आहे. जेथे लोकांना जाण्यायेण्याचा हक्क आहे अशी कोणतीही जागा त्यात येते, मग तो हमरस्ता असो वा गल्ली. 'मुख्य रस्त्यावर जात नाही, फक्त कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जातो' हा बचाव त्यामुळे टिकत नाही.

नियम लुनाच्या काळातील, वाहने आजची

५० सीसीची ही मर्यादा कोठून आली हे समजण्यासाठी १९८८ चा काळ आठवावा लागेल. फिरोदिया कुटुंबाच्या कायनेटिक इंजिनीअरिंग या कंपनीने १९७२ मध्ये 'लुना' बाजारात आणली. ५० सीसीच्या आतील इंजिन, गरज पडल्यास मारता येणारे पॅडल आणि सायकलीसारखा हलका सांगाडा असे तिचे रूप होते. १९८० मध्ये 'टीव्हीएस ५०' आली. अधिनियम तयार झाला तेव्हा मोपेड म्हटले की अशीच वाहने डोळ्यांसमोर येत. ती हळू धावत, वजनाला हलकी असत आणि नवख्या हातांना सांभाळता येत. सोळा वर्षांच्या मुलांना दिलेली सवलत या वाहनांशी सुसंगत होती.

पुढे ती वाहने मागे पडली. आज मोपेड म्हणून विकल्या जाणाऱ्या 'टीव्हीएस एक्सएल १००' या वाहनाचे इंजिन सुमारे १०० सीसीचे आहे. होंडाची 'ॲक्टिव्हा' ११० सीसीच्या वर्गात मोडते आणि १२५ सीसीच्या स्कूटरही सर्रास दिसतात. मुलींसाठी म्हणून एके काळी लोकप्रिय झालेल्या 'स्कूटी पेप प्लस'चे इंजिनही ८८ सीसीच्या आसपास होते. नित्य वापराचे ५० सीसीपर्यंतचे नवे पेट्रोल वाहन आता बाजारात जवळजवळ मिळत नाही. कायद्यातील मर्यादा मात्र जागच्या जागी आहे. त्यामुळे परवान्याचा अर्ज करण्यापूर्वी घरातील वाहनाचे नोंदणी प्रमाणपत्र काढून त्यावरील 'घनक्षमता' हा रकाना पाहणे, हे पहिले काम होय. तेथील आकडा ५० च्या वर असेल तर ते वाहन अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत मुलासाठी नाही.

घराच्या पडवीत जुनी लुना उभी असेल आणि तिच्यावर मुलाने शिकावे असा विचार असेल, तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर वाहनाची तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी नव्याने करून घ्यावी लागते. नोंदणीची मुदत संपलेले वाहन रस्त्यावर आणणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. महाराष्ट्रात जुन्या वाहनांवर पर्यावरण करही आकारला जातो.

विजेवरील दुचाकींचे काय?

'विजेच्या गाडीला परवाना लागत नाही' असे सर्रास सांगितले जाते. हेही अर्धेच खरे आहे. केंद्रीय नियमांनुसार काही मर्यादित क्षमतेच्या विजेवरील दुचाकी 'मोटार वाहन' मानल्या जात नाहीत. मोटारीची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी असावी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असावा आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोपेक्षा अधिक नसावे, अशा त्या अटी आहेत. पुढे पांढरा व मागे लाल परावर्तक आणि योग्य ब्रेक असणेही आवश्यक आहे. या सर्व अटी पाळणाऱ्या वाहनास नोंदणी, विमा आणि परवाना यांची सक्ती नाही.

मात्र या अटी पूर्ण होतात हे अधिकृत चाचणी संस्थेने प्रमाणित केलेले असावे लागते. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही अशीच एक संस्था आहे. वाहन घेताना विक्रेत्याकडून हे प्रमाणपत्र मागून घ्यावे. नंतर एखाद्या कारागिराकडून वेगमर्यादा काढून घेतली किंवा अधिक शक्तीची मोटार बसविली, तर सूट संपते आणि ते वाहन नोंदणीविना धावणारे मोटार वाहन ठरते.

या मर्यादेपलीकडील प्रत्येक विजेवरील स्कूटर हे मोटार वाहनच आहे. २०२४ मध्ये आलेली 'ई-लुना'देखील नावाने जुन्या लुनाची आठवण करून देत असली, तरी तिची मोटार २५० वॅटच्या मर्यादेत बसत नाही. अशा वाहनास नोंदणी, विमा आणि वैध परवाना लागतो. ते खरेदी करण्यापूर्वी सोळा ते अठरा वयोगटातील अर्जदाराच्या परवान्यावर त्या वाहनाचा वर्ग नोंदविला जाईल काय, याची खातरजमा विक्रेत्याकडून नव्हे तर परिवहन कार्यालयाकडूनच करून घ्यावी.

शिकाऊ परवाना

पक्क्या परवान्याआधी शिकाऊ परवाना घ्यावा लागतो. अर्ज केंद्र सरकारच्या 'सारथी' या संकेतस्थळावरून करता येतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यातील कोणत्याही परवाना अधिकाऱ्याकडे शिकाऊ परवान्यासाठी अर्ज करण्याची मुभा आहे. अर्जासोबत वयाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा आणि शारीरिक क्षमतेविषयीचे स्वयंघोषणापत्र द्यावे लागते. वयासाठी जन्मदाखला किंवा शाळेचे प्रमाणपत्र चालते. मुलाचे नाव आणि जन्मतारीख सर्व कागदपत्रांवर एकसारखी आहे ना, हे आधीच पाहिल्यास पुढचे हेलपाटे वाचतात.

अर्जदार अठरा वर्षांखालील असेल तर कलम ७ नुसार त्याचा सांभाळ करणाऱ्या व्यक्तीची लेखी संमती अनिवार्य आहे. ही केवळ एक सही नव्हे. मूल वाहन चालविणार आहे हे आपणास ठाऊक असून त्यास आपली मान्यता आहे, असे पालक सरकारदरबारी नोंदवीत असतात.

त्यानंतर संगणकावर परीक्षा होते. आधार क्रमांकाच्या साहाय्याने ओळख पटवून अनेक राज्यांत ती घरबसल्याही देता येते. वाहतुकीची चिन्हे, सिग्नल, रस्त्याचे नियम, अपघात घडल्यास चालकाची कर्तव्ये, फाटक नसलेले रेल्वेमार्ग ओलांडताना घ्यावयाची काळजी आणि सोबत बाळगावयाची कागदपत्रे या विषयांवर प्रश्न असतात. किमान ६० टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात. ही परीक्षा मुलाच्या वतीने दुसऱ्या कोणी देऊन टाकणे हा कायद्याचा भंग आहेच, शिवाय ज्याच्या हातात वाहन येणार त्यालाच नियम ठाऊक नसतील, तर परवान्याचा कागद त्याचे रक्षण करू शकत नाही.

केंद्रीय नियमांप्रमाणे शिकाऊ परवान्यासाठी प्रत्येक वर्गास १५० रुपये आणि परीक्षेसाठी ५० रुपये शुल्क आहे. वाहन चालविण्याच्या चाचणीसाठी प्रत्येक वर्गास ३०० रुपये आणि पक्क्या परवान्यासाठी २०० रुपये आकारले जातात. राज्य शासन यात आपले काही शुल्क जोडू शकते. एवढी रक्कम डोळ्यांसमोर असली, तर मध्यस्थ किती जास्त मागतो आहे हे लगेच कळते.

शिकाऊ परवान्याची मुदत सहा महिने असते. या काळात वाहनाच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल रंगात इंग्रजी 'एल' हे अक्षर लावावे लागते. त्याची पाटी किमान १८ सेंटिमीटर लांबी-रुंदीची आणि अक्षर किमान १० सेंटिमीटर उंचीचे असावे, असा नियम आहे. शिकणाऱ्यासोबत त्या वाहनाचा वैध परवाना असलेली व्यक्ती शिकविण्यासाठी असणे आवश्यक आहे. शिकविणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणालाही मागे बसविता येत नाही. मैत्रिणीला मागे घेऊन शिकवणीला जाणारी मुलगी 'एल' लावून जात असली, तरी ती नियम मोडतच असते.

पक्का परवाना

शिकाऊ परवाना मिळाल्यापासून किमान ३० दिवस झाल्यावर चाचणी देता येते. चाचणी ज्या वर्गासाठी अर्ज केला त्याच प्रकारच्या वाहनावर द्यावी लागते. याचाच अर्थ ५० सीसीपर्यंतचे, नोंदणी आणि विमा असलेले वाहन अर्जदाराने स्वतः आणावे लागते. अनेकांची वाट येथेच अडते. म्हणून वाहनाची सोय आधी आणि अर्ज नंतर, हा क्रम योग्य.

चाचणीत तोल सांभाळणे, वळताना इशारा देणे, योग्य ठिकाणी वेग कमी करणे आणि थांबणे या गोष्टी पाहिल्या जातात. अपयश आल्यास सात दिवसांनी पुन्हा चाचणी देता येते. तीन वेळा अपयश आल्यास शेवटच्या चाचणीपासून ६० दिवस थांबावे लागते.

मिळालेल्या परवान्यावर कोणता वर्ग नोंदविला आहे हे नीट वाचावे. अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणून ५० सीसीचा परवाना आपोआप मोठ्या वाहनांसाठी वैध होत नाही. गीअरची किंवा अधिक क्षमतेची दुचाकी चालविण्यासाठी नव्या वर्गाची भर घालण्याचा अर्ज करून त्या वर्गाचा शिकाऊ परवाना व चाचणी हे टप्पे पार करावे लागतात.

रस्त्यावर येण्यापूर्वी

परवान्याबरोबर वाहनाचे नोंदणी प्रमाणपत्र, विमा आणि प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र वैध असावे लागते. विजेवरील वाहनास शेवटचे प्रमाणपत्र लागत नाही. नव्या दुचाकीसाठी १ सप्टेंबर २०१८ पासून पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदमच घ्यावा लागतो. 'डिजिलॉकर' किंवा 'एमपरिवहन' या शासकीय ॲपमधील कागदपत्रे पोलिसांना दाखविली तरी चालतात.

हेल्मेट चालकास आणि मागे बसणाऱ्यासही सक्तीचे आहे. पगडी परिधान करणाऱ्या शीख व्यक्तींना त्यातून सूट आहे. १ जून २०२१ पासून दुचाकीसाठी भारतीय मानक ब्युरोची मोहोर असलेलेच हेल्मेट विकता येते. ते डोक्याला घट्ट बसणारे असावे आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली बांधलेला असावा. हेल्मेट नसल्यास एक हजार रुपये दंड आणि तीन महिन्यांसाठी परवाना अपात्र, अशी तरतूद आहे. दुचाकीवर चालकाखेरीज एकाच व्यक्तीला बसता येते. 'ट्रिपल सीट' गेल्यासही तेवढीच शिक्षा आहे.

या नियमामागचे कारण आकडेवारीत दिसते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी ७४,८९७ जण दुचाकीवर होते. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती.

पालकांची जबाबदारी

ज्याला परवाना नाही किंवा ज्याचे वय पुरेसे नाही अशा व्यक्तीस वाहन चालवू देणे, हा वाहनमालकाचा गुन्हा पूर्वीपासूनच आहे. कलम १८० खाली त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पोलीस असे वाहन जागेवरच ताब्यातही घेऊ शकतात.

१ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेले कलम १९९अ याहून कितीतरी कठोर आहे. अल्पवयीन व्यक्तीने मोटार वाहन कायद्याखालील गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंड अशी शिक्षा त्यात आहे. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. ज्या मुलाच्या हातून गुन्हा घडला त्याला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत शिकाऊ किंवा पक्का परवाना मिळत नाही. मूल वाहन चालवीत होते ते पालकाच्या अथवा मालकाच्या संमतीनेच, असे न्यायालय गृहीत धरते. आपणास ठाऊक नव्हते किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भार पालकावर असतो. किल्ली नेहमी दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली असे, हे सांगून तो भार उतरत नाही.

याच कलमात एक महत्त्वाची सवलत आहे. मुलाकडे शिकाऊ किंवा पक्का परवाना असेल आणि त्या परवान्यावर ज्याची परवानगी आहे तेच वाहन तो चालवीत असेल, तर पालकावर हे दायित्व येत नाही. म्हणजे परवाना आणि वाहन यांचा मेळ बसला तर कायदा कुटुंबाच्या बाजूने उभा राहतो. तो बसला नाही, तर परवाना असूनही नसल्यासारखाच.

विम्याची गोष्टही अशीच आहे. चालकाकडे त्या वाहनाचा वैध परवाना नसेल तर स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते. अपघातात दुसऱ्या कोणाला इजा झाली, तर कंपनीने त्याला भरपाई द्यावी आणि ती रक्कम वाहनमालकाकडून वसूल करावी, असे आदेश न्यायालये देतात. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्वरणसिंग प्रकरणात या विषयाची तत्त्वे विस्ताराने मांडली आहेत. गंभीर अपघातात भरपाईची रक्कम लाखांच्या घरात जाऊ शकते. मध्यमवर्गीय कुटुंबासाठी ती राहत्या घरावर येऊ शकणारी आपत्ती आहे.

योग्य क्रम

सोळा वर्षे पूर्ण होणे ही पहिली पायरी झाली. त्यानंतर ५० सीसीपर्यंतचे, वैध नोंदणी आणि विमा असलेले वाहन हवे. मग पालकांची लेखी संमती, शिकाऊ परवाना, 'एल' पाटी, जाणत्या व्यक्तीच्या सोबतीने किमान तीस दिवसांचा सराव आणि शेवटी चाचणी. यांतील एकही पायरी गाळता येत नाही. योग्य वाहनाची सोय होत नसेल, तर सायकल, बस किंवा प्रमाणित मर्यादेतील विजेवरील सायकल हा अठराव्या वाढदिवसापर्यंतचा कायदेशीर मार्ग आहे.

दोन वर्षे थांबावे लागते म्हणून मुले रुसतील. पण नाक्यावर उभा असलेला पोलीस, अपघातानंतरचे न्यायालय आणि विमा कंपनीचा अधिकारी हे तिघेही मुलाचे वय विचारून थांबत नाहीत. परवान्यावर लिहिलेला वर्ग आणि नोंदणी प्रमाणपत्रावर लिहिलेली क्षमता ते शेजारी शेजारी ठेवून पाहतात. तेच काम किल्ली हातात देण्यापूर्वी घरात झाले, तर पुढचे बरेच काही टळते.